एका टाचणीवर दोन किडे

"हलू नको," कुशाबाकाका म्हणाला. मी एक पाय उचललेला, तसाच उभा राहिलो.

शिवडीच्या किल्ल्यामागं टेकाड आहे. तिथं एका सडलेल्या ओंडक्यापुढं तो गुडघे टेकून बसलेला. एका हातात काचेची नळी, दुसऱ्यात कापसाचा बोळा. ओंडक्यावर दोन किडे एकमेकांना जोडलेले. खालची मोठी, अंगभर लाल, भिजलेल्या विटेसारखी. तिच्या पाठीवरचा तिच्या निम्मा, काळा कुळकुळीत, फक्त खांद्यावर लाल डाग. मला त्यात काय विशेष वाटलं नाही. मी त्याला कामगार मैदानावरच्या सभेला न्यायला आलेलो. सभा पाचची, पावणेपाच वाजलेले, आणि हा माणूस किड्यांचा संसार बघत बसलेला.

त्यानं हळूच नळी पुढं सरकवली, दोघं आत गेले, बोळा लावला, आणि जो पळत सुटला तो खाली रस्त्यावरच्या चहावाल्याकडं. मला वाटलं, चला, चहा तरी पाजतोय. तर त्यानं स्टोव्हवरच्या किटलीचं झाकण काढलं आणि उकळत्या पाण्यात दोन्ही किडे सोडले. चहावाला आईबहिणीवरून शिव्या देत उठला. काका त्याला म्हणाला, थांब बाबा, नवी किटली आणून देतो, पण आता हात लावू नको. आणली पण दुसऱ्या दिवशी.

मैदानाकडं जाताना त्यानं मला सांगितलं की औषधाच्या बाटलीत मारले तर मरता मरता ते एकमेकांपासून सुटतात. उकळत्या पाण्यात एका क्षणात जातात, आणि जसे असतात तसेच राहतात. आम्ही पोचलो तेव्हा सभा उठत होती. मी त्याच्याशी घरापर्यंत बोललो नाही. १९५५ चा जुलै होता.

कुशाबाकाका आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीतला, आमच्यापासून तिसऱ्या खोलीतला. नात्यानं माझा कोणी नाही. आठवीत मी शाळा सोडली तेव्हा बापानं मला घराबाहेर काढलं. अकरा दिवस मी काकाच्या दाराशी झोपलो. रमाकाकीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, जेवू घातलं. दोघांपैकी एकानंही मला शहाणपण शिकवलं नाही. मला एवढं पुरतं. त्याच्याबद्दल कोणी वाकडं बोललं तर माझा हात उठतो, आजही.

गिरगावच्या बाजूला एका कॉलेजात किड्यांची खोली होती. कॉलेजचं नाव लिहीत नाही. भिंतीला कपाटं, कपाटांत खण, खणांत टाचणीला टोचलेले किडे, हजारांनी. काका तिथं शिपाई. झाडू मारायचा, पाणी भरायचं, आणि सुट्टीच्या दिवशी शिवडी, माटुंगा, जिथं झाडं दिसतील तिथं जाऊन किडे पकडून आणायचे, टोचायचे. कागदावर शिपाई, पण कुठला किडा कुठल्या खणात आहे ते सगळ्या कॉलेजात त्याच्या एकट्याच्या ध्यानात. खोलीचा साहेब खांबेटे. मी त्याला साहेब म्हणणार नाही. खांबेटेच म्हणणार.

खोलीचा नियम होता. एक टाचणी, एक किडा, एक चिठ्ठी. दोन जोडीनं सापडले तर चिमट्यानं सोडवायचे आणि वेगवेगळे टोचायचे. मग रंग बघून लाल तो लालच्या खणात, काळा तो काळ्याच्या. खण उघडला की सगळं कसं एका रंगाचं, रांगेत. बघणाऱ्याला बरं वाटायचं. खांबेट्यानं लाल किड्याचं नाव वेगळं धरलेलं आणि काळ्याचं वेगळं. काळा तर त्यानं स्वतः शोधला म्हणून विलायतेच्या मासिकात छापून आणलेला. त्याच जोरावर तो त्या खुर्चीत बसलेला.

काकानं अठरा वर्षं तो नियम पाळला आणि तेच त्याला खात होतं.

"मीच तोडल्या रे," तो म्हणायचा. "किती जोड्या असतील, कोण सांगणार. नवरा या खणात, बायको त्या खणात. आणि साहेब म्हणतो हे दोघं एकमेकांचे कोणी नव्हेत."

खांबेट्याची त्याच्यावर खुन्नस आधीपासूनच होती. आदल्या पावसाळ्यात कोंबड्यांचं प्रकरण झालेलं. चाळीत खालच्या मजल्यावरच्या मालनकडं कोंबड्या होत्या. काकानं एका कोंबडीपुढं लाल किडा टाकला. तिनं चोच मारली, थुंकला, आणि जमिनीला चोच घासत बसली. परत कितीही लाल टाका, मान फिरवायची. काका म्हणाला, हे किडे कडू असतात, आणि लाल रंग म्हणजे त्यांची धमकी: खाशील तर पस्तावशील. ठीक. मग त्यानं दुसरा एक लाल किडा काढला, दिसायला तसाच, फक्त मिशा अंगापेक्षा लांब. पहिल्या कोंबडीनं त्याच्याकडंही पाठ फिरवली. पण ज्या पिल्लानं लाल कधी चाखलाच नव्हता, त्यानं तो मटकन खाल्ला, आणखी मागायला पायांत आलं. म्हणजे हा कडू नव्हताच. कडवटाचे कपडे घालून फिरणारा भामटा, तिसऱ्याच घरचा. आणि खांबेट्याच्या लालच्या खणात दोघंही एकाच नावाखाली शेजारी शेजारी टोचलेले. कोंबडी फसली ते समजू शकतो. तिला कॉलेजनं पगारावर ठेवलेलं नव्हतं.

काकानं हे सांगितलं, पण चुकीच्या वेळी, पोरांचा वर्ग खोलीत असताना. खांबेट्यानं विचारलं की आता मालनची कोंबडी परीक्षक म्हणून बोलवायची का. पोरं हसली. मग एका पोरानं खण उघडून मिशा मोजायला घेतल्या, आणि हसणं थांबलं. त्या दिवसापासून काकाला खोलीत बसायला स्टूल मिळालं नाही.

तर शिवडीची ती जोडी. काकानं वाळवली, एकाच टाचणीवर जशीच्या तशी टोचली, खाली चिठ्ठी लावली, आणि सोमवारी खांबेट्याच्या टेबलावर ठेवली. पुढचं मला आनंदाकडून कळलं. आनंदा तिथला दुसरा शिपाई, तेव्हा दारातच उभा होता. खांबेट्यानं भिंगातून बघितलं, बराच वेळ बघितलं. मग क्लार्कला आणि दोन पोरांना हाक मारून बोलावलं, आणि सगळ्यांच्या देखत चिमट्यानं दोघांना ओढून वेगळं केलं.

"डिंक," तो म्हणाला. "डिंकानं चिकटवलंस तू. तुमच्या लोकांना जरा जवळ केलं की हे असं होतं."

काका म्हणाला, साहेब, डिंक असता तर पाण्यात सुटला असता, हे पाण्यात उकळलेले आहेत. खांबेट्यानं त्याला खोटारडा म्हटलं, परत एकदा म्हटलं, आणि लेखी कळवलं की प्रकरण कमिटीपुढं जाईल, फसवणूक ठरली तर नोकरी संपली.

मी सायकलची चेन घेऊन निघालेलो. काकानं दारात अडवलं. तो म्हणाला की तुझ्या चेननं डिंकाचा डाग जाणार नाही, उलट पक्का होईल. त्याला एकच पाहिजे होतं. त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर खांबेट्यानं म्हणावं की कुशाबानं चिकटवलं नव्हतं. नोकरीचं नंतर बघू म्हणाला.

आणि त्यानं ठरवलं की अंड्यापासून वाढवून दाखवायचं. एका आईची पोरं लाल पण निघाली आणि काळी पण निघाली, तर खांबेटे कशाकशाला डिंक म्हणेल?

आठ दिवसांत त्यानं शिवडीहून सडकं लाकूड आणलं आणि रमाकाकीच्या तव्यावर भाजायला घेतलं. त्यात आधीच कुणाची अंडी असली तर मरावीत म्हणून. काकी म्हणाली, भाकरीच्या तव्यावर किड्यांची बाळंतखोली करतोय हा माणूस, उद्या मला पण टाचणी लावील. पण लाकूड परतायला उलथनं तिनंच हातात घेतलं. भाजलेलं लाकूड ओलं करून बिस्किटांच्या तीन डब्यांत भरलं, झाकणांना भोकं पाडली. एक लाल मादी जिवंत पकडून आणली. तिनं पहिल्या डब्यात अंडी घातली, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, आणि मेली. डबे त्यानं घरी ठेवले नाहीत. कॉलेजात, खोलीमागच्या कोठीत ठेवले, सगळ्यांना येता-जाता दिसतील असे. घरी ठेवले तर म्हणतील बाहेरून आणून टाकले, असा त्याचा हिशोब. अळ्या निघाल्या. चपट्या, काळ्या, लाकडाच्या चिखलात रुतून बसायच्या. रोज त्यांना ओल लागते. एक दिवस सुकल्या की संपल्या. कमिटीची तारीख पुढं पुढं जात राहिली.

मग जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला देणार नाही असं रेडिओवर सांगितलं आणि गिरणगाव पेटला. गोळीबार, कर्फ्यू. मी त्या दिवसांत दगड मारत होतो, खोटं कशाला बोलू, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. कॉलेजला टाळं. तिसऱ्या दिवशी दुपारी कर्फ्यू दोन तास उठला तसा काका चपला घालून उभा.

मी त्याला म्हटलं की डबे तिथून हलवले तर तुमच्या सगळ्यावर पाणी पडेल. खांबेटे हेच म्हणणार, घरी नेऊन भेसळ केली. तुम्हीच म्हणालेलात ना?

"मेल्या अळ्या घेऊन काय सिद्ध करू?" तो म्हणाला. "चल येतोस तर."

गेलो. नायगावपासून गिरगावपर्यंत चालत, रस्त्यावर काचा आणि जळके टायर. कोठीच्या मागच्या दाराची किल्ली त्याच्याकडं होतीच. तीन डबे काढले, पिशवीत घातले, परत फिरलो. भायखळ्याला पोलिसांनी धरलं. हवालदारानं एक डबा उघडून नाक आत घातलं आणि विचारलं, हे काय. काका म्हणाला, अळ्या. कशाला? "मोठ्या झाल्यावर कळेल, साहेब," काका म्हणाला. एकदम सरळ तोंडानं, त्याला मस्करी करायचीच नव्हती. मला मात्र हसू आलं, आणि माझ्या पाठीवर दंडुका बसला. डबा हवालदारानं रस्त्यावर उपडा केला. आपल्या बुटानं नाही मारल्या त्यानं, तेवढी पण तसदी घेतली नाही. आम्हाला हाकललं. काका मागं वळून वळून त्या ढिगाकडं बघत होता. दोन डबे घरी आले.

चाळीतही कुणी फुलं उधळली नाहीत. गुणाजी म्हणून एक होता, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा मोठा कार्यकर्ता समजायचा स्वतःला. गॅलरीत उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला की इथं पोरं छातीवर गोळ्या झेलतायत आणि आमचे कुशाबा मालकाच्या किड्यांची दूधबाटली भरायला कॉलेजात जातात. मी त्याच्या तोंडावर ठेवून दिली. त्याचा दात हलला. काकानं मला त्याची माफी मागायला लावली. मागितली. दात हलला याची नाही मागितली.

त्यानंतरचे पाच महिने काका रोज कामावरून आला की आधी डब्यात बोट घालून ओल बघायचा, मग पाय धुवायचा. चाळीतली पोरं त्याला किडेवाला म्हणायला लागली. तो ऐकल्यासारखं पण करायचा नाही.

जूनच्या शेवटी डब्यांत हालचाल सुरू झाली. पहिला निघाला तो काळा. दुसरा काळा, तिसरा काळा. चौथ्या दिवशी सकाळी रमाकाकीनं झाकण उघडलं आणि मला हाक मारली, कारण तिला आधी स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नव्हता. लाल. मोठी, ओली, पंख अजून नीट पसरलेले नव्हते, आणि लाल. दोन आठवड्यांत दोन डब्यांतून एकोणीस निघाले. आठ काळे, अकरा लाल. सगळे काळे नर, सगळ्या लाल माद्या, मधलाअधला एक नाही. काका गॅलरीत बसला आणि त्यानं चहा मागितला, साखर जास्त घालून. त्याला एवढा आनंद झालेला मी दुसऱ्यांदा बघितला नाही.

कमिटी म्हणजे खांबेटे आणि त्याच्याच कॉलेजातले आणखी दोघं. त्या दोघांना किड्यातलं काही कळत नव्हतं, त्यांना जेवायला जायचं होतं. काकानं दोन्ही डबे टेबलावर ठेवले, आणि एकोणीसच्या एकोणीस किडे, आणि त्या मेलेल्या मादीची टाचणी. कुठल्या तारखेला अंडी, कुठल्या तारखेला अळ्या, सगळं लिहिलेला कागद ठेवला. मी दाराशी उभा.

खांबेट्यानं किड्यांकडं बघितलंच नाही.

"डबे कॉलेजातून कुणी नेले?"

"मी. कर्फ्यूत. नाहीतर मेल्या असत्या."

"कुणाला विचारून?"

"टाळं होतं, साहेब. विचारणार कुणाला?"

"सहा महिने डबे तुझ्या घरात. त्यांना कुलूप होतं?"

"नव्हतं."

"मग यात बाहेरून काही टाकलं नाही, याला साक्षीदार कोण?"

मी आत शिरलो आणि म्हणालो की मी आहे, मी रोज बघितलंय. खांबेट्यानं माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं आणि कितवी शिकलास विचारलं. आठवीतून सोडली म्हटलं. त्यानं त्या दोघांकडं बघून नुसत्या भुवया उडवल्या. त्यातला एक हसला. मी टेबल उलथणार होतो, पण टेबलावर काकाचे किडे होते.

शेवटी त्यांनी काकापुढं एक कागद ठेवला. डिंकानं चिकटवल्याचं कबूल कर, डबे चोरून नेल्याचं आम्ही विसरतो, नोकरी राहील. लिहून सही कर. काकानं कागद पूर्ण वाचला, ओठ हलवत, त्याला घाई नव्हती. मग म्हणाला, "डबे नेले ते लिहा, त्याच्यावर सही करतो. डिंकावर नाही." एकोणीस वर्षांची नोकरी त्या दुपारी गेली. किडे पण त्यांनी ठेवून घेतले, कॉलेजची मालमत्ता म्हणून.

बसस्टॉपवर मी त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, तुम्हाला भांडता येत नाही. तो खांबेटे तुमच्या तोंडावर थुंकतो आणि तुम्ही तारखा वाचून दाखवता. त्याची एखादी भानगड माहीत असती तर मी तिथंच टेबलावर आपटली असती, एकोणीस वर्षांत तुम्हाला त्याची एकही दिसली नाही? काकानं सुटे पैसे मोजून मुठीत धरले. बस आली, आम्ही चढलो.

त्या ऑक्टोबरात तो आणि काकी नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले. कॉटन ग्रीनला लाकडाच्या वखारीत त्याला ओंडके मोजायचं काम मिळालं. ओंडक्याखाली काही वळवळलं तर अजून वाकून बघायचा, पण नळी खिशात ठेवायचा नाही. चाळीत त्याला डिंकवाला हे नाव पडलं, गुणाजीच्या कृपेनं. मी त्यासाठी आणखी दोनदा मारामाऱ्या केल्या. एकदा मार खाल्ला.

१९५९ च्या शेवटी खांबेटे रिटायर झाला. त्याच्या जागी पद्मजाबाई म्हणून आल्या, तरुण, चष्मेवाल्या. खोली वरच्या मजल्यावर हलवायची होती आणि कपाटं उचलायला हमाल पाहिजे होते. मी तेव्हा लालबागला हातगाडी ओढायचो. आनंदानं मला बोलावलं. मी गेलो ते कपाटं पायाखाली घालावीत या विचारानंच. एक छोटं कपाट खांबेट्याचं खासगी होतं, तो नेणार म्हणाला आणि नेलं नाही. किल्ली सापडेना, तर बाईंनी कुलूप तोडायला सांगितलं. मी तोडलं.

खालच्या खणात एका टाचणीवर दोन किडे होते. मोठी लाल, तिच्या पाठीवर लहान काळा, खांद्यावर लाल डाग. जोडलेले. चिठ्ठी इंग्रजीत. बाईंनी भिंग लावून वाचली. अक्षर खांबेट्याचं, आणि मजकूर असा: शिवडी, ऑगस्ट १९४८, जोडीनं सापडले. बाई खाली बसल्या. त्यांनी मला सांगितलं की काळ्या किड्याला वेगळी जात म्हणून त्यानं मासिकात छापलं ते १९४९ ला, म्हणजे याच्या नंतर. टाकून का दिले नाहीत हे किडे, ते त्याचं त्याला माहीत.

त्याच खणाच्या कडेला एक लांब कागदी पट्टी चिकटवलेली. वरपासून खालपर्यंत नुसत्या तारखा, दर तीन महिन्यांनी एक, मराठीत. ते अक्षर मी ओळखलं. किड्यांना किडे लागू नयेत म्हणून प्रत्येक खणात डांबराच्या गोळ्या ठेवतात, त्या बदलल्या की तारीख टाकायची. खासगी कपाटाची किल्ली खांबेटे त्यासाठी काकाच्या हातात द्यायचा.

मी तिथूनच वखारीत गेलो, हमालीचे पैसे न घेता. काकाला विचारलं, तुम्हाला ती जोडी माहीत होती? कमिटीत का नाही बोललात?

"किल्ली गोळ्या बदलायला दिलेली होती," तो म्हणाला. "आतलं बाहेर बोलणार नाही असं कबूल करून घेतलेली." आणि परत ओंडके मोजायला लागला.

पट्टी मी बाईंकडून मागून घेतली, ती माझ्याकडं आहे. तिच्यावर १९४८ च्या ऑक्टोबरपासून तारखा आहेत. शेवटची १९ जुलै १९५५ आहे. खांबेट्यानं त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.